औषध आहे, कायदा आहे; मग माणसे का मरतात?

यकृताच्या कॅन्सरने या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे मरतात. वर्षभरात नव्याने सापडणारे रुग्ण आणि वर्षभरात दगावणारे रुग्ण यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांत फारसे अंतर उरत नाही. सापडला तो गेला, असा हा हिशेब आहे. तो वाचून मंत्रालयात किंवा दिल्लीच्या आरोग्य खात्यात कुणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. रोगच तसा, त्याला कोण काय करणार, असे म्हणून सगळे हात झटकून मोकळे होतात. या पळवाटेचा आम्ही जाहीर धिक्कार करतो. यकृताच्या कॅन्सरवर उपचार नाहीत, ही शुद्ध थाप आहे. उपचार आहेत, अनेक आहेत, आणि त्यांतले काही रोग मुळासकट काढणारे आहेत. ते गरिबाच्या दारापर्यंत पोहोचू दिले जात नाहीत, हे खरे दुखणे आहे. या दुखण्याला जबाबदार असलेली माणसे सरकारी पगार घेतात आणि लाल दिवा गेला तरी तोरा सोडत नाहीत.

उपचार कोणते आहेत, ते आधी नीट सांगतो; कारण लोकांना ते ठाऊक नसणे यावरच या अनास्थेचे पोट भरते. गाठ लहान असताना हाती लागली आणि बाकीचे यकृत धड असले, तर सर्जन गाठीसकट यकृताचा तेवढा भाग कापून काढतो. राहिलेले यकृत काही आठवड्यांत वाढून गेलेली जागा बरीचशी भरून काढते. निसर्गाने ही सवलत दुसऱ्या कुठल्याही मोठ्या अवयवाला दिलेली नाही. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर कित्येकदा पोट उघडावेही लागत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत सुई थेट गाठीत घालतात आणि रेडिओलहरींच्या किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने गाठ जागच्या जागी जाळतात. सिरोसिसने यकृतच निकामी झालेले असेल, तर प्रत्यारोपण. ते कुणाला करावे, याची मर्यादा इटलीतल्या मिलानच्या विन्चेन्झो माझ्झाफेर्रो यांनी १९९६मध्ये घालून दिली. एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत. एकाहून अधिक असतील तर जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. अशा निवडलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के चार वर्षांनंतरही जिवंत होते. सापडला तो गेला म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

गाठ याहून मोठी झाली, तरी डॉक्टरांनी हात टेकण्याचे कारण नाही. निरोगी यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळते. कॅन्सरची गाठ मात्र आपले रक्त यकृताच्या धमनीतून ओढते. हा फरक हेरून जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर सरकवत थेट गाठीच्या दारात नेतात, तिथे कॅन्सरचे औषध सोडतात आणि गाठीची रसद तोडून टाकतात. ‘टेस’ नावाच्या या उपचाराने आयुष्य वाढते, हे बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या चाचण्यांनी २००२मध्येच सिद्ध केले. त्याच वाटेने यट्रियम-९० या किरणोत्सर्गी द्रव्याचे सूक्ष्म मणी गाठीत सोडता येतात. हे मणी परदेशातून आणायचे म्हणजे लाखोंचा खर्च. म्हणून मुंबईच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने काचेचे मणी देशात तयार करून दाखवले आणि त्यांना ‘भाभास्फिअर’ नाव दिले. नेमक्या गाठीवर रोखलेली किरणोपचाराची यंत्रे आहेत. रोग यकृताबाहेर पसरला, तर गोळ्या आहेत, आणि आता शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारी इम्युनोथेरपीची सलाइने आहेत. शास्त्राने आपले काम केले आहे. आम्ही जाब विचारतो तो शास्त्र आणि रुग्ण यांच्या मध्ये ठाण मांडून बसलेल्या व्यवस्थेला.

कारण या सगळ्या उपचारांना एकच अट आहे: गाठ वेळेवर सापडली पाहिजे. ती वेळेवर सापडत नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर कुठल्याही दिवशी सकाळी जाऊन उभे राहा. मराठवाड्यातून, विदर्भातून, थेट बिहार-बंगालमधून आलेली माणसे प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा धरून बसलेली दिसतील. त्या गठ्ठ्यातले कागद तारीखवार लावले की या राज्याच्या आरोग्यसेवेचा पंचनामाच हाती येतो. सगळ्यात जुनी चिठ्ठी गावातल्या डॉक्टरची: अशक्तपणा, भूक मंद, लिव्हर टॉनिक. मग तालुक्याची: पोट फुगले, सलाइन आणि पाणी कमी होण्याच्या गोळ्या. मग जिल्ह्याची: सोनोग्राफीचे यंत्र आहे, रेडिओलॉजिस्ट नाही, बाहेरून करून आणा. आणि शेवटी खासगी केंद्रातला सीटी स्कॅन, ज्यावर गाठीचे माप दोन आकडी सेंटिमीटरमध्ये लिहिलेले असते आणि खाली पोर्टल शिरेत गाठ शिरल्याची नोंद. या एका ओळीने शस्त्रक्रिया, सुई, प्रत्यारोपण ही सगळी दारे बंद होतात. सहा-आठ महिने माणूस सरकारी आणि खासगी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होता. त्याला रोगाने गाठले, की आपणच गाठून दिले?

यकृताचा कॅन्सर आभाळातून पडत नाही. तो बहुतेक वेळा आधीपासून आजारी असलेल्या यकृतात होतो, आणि ती यकृते कुणाची हे आपल्याला ठाऊक असते. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणातून आलेले चरबीचे यकृत, या चार वाटांनी सिरोसिस येतो आणि सिरोसिसच्या पाठोपाठ कॅन्सर. म्हणजे पाळत कुणावर ठेवायची, हे शोधायला गुप्तहेर नकोत. अशा माणसाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ताची चाचणी, एवढेच करायचे आहे. चीनमध्ये शांघायला १८ हजारांहून अधिक लोकांवर हा प्रयोग झाला आणि २००४मध्ये त्याचे निष्कर्ष आले: सहामाही तपासणी झालेल्या गटात यकृताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे मात्र सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांपाशी थांबते. त्या तपासण्या हव्यातच. पण सिरोसिसच्या ज्या रुग्णाचे नाव, गाव, केसपेपर सरकारी दप्तरात पडून आहे, त्याला सहा महिन्यांनी परत बोलावणारी साधी वहीसुद्धा बहुतेक ठिकाणी नाही. लसीकरणासाठी आशाताई दारोदार पाठवता येतात, निवडणुकीत एकेका मताचा माग काढता येतो, आणि मरणाच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला वर्षातून दोनदा निरोप पाठवता येत नाही, हे आम्ही मानत नाही. यंत्रणा आहे. इच्छा नाही.

याहून मोठे पाप लसीचे आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू बारूख ब्लमबर्ग यांनी साठच्या दशकात शोधला. १९७६मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यावरची लस ही कॅन्सर टाळणारी जगातली पहिली लस. तैवानने १९८४मध्येच ती नवजात बाळांना टोचायला सुरुवात केली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधले यकृताच्या कॅन्सरचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्या देशात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७मध्ये ही लस स्वतः तयार केली, परदेशी लसीच्या मानाने कवडीमोलात विकली आणि जगाला पुरवली. एवढे हाताशी असताना आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर आली कधी? २०११ साली. तैवाननंतर २७ वर्षांनी आणि स्वदेशी लस तयार झाल्यावर १४ वर्षांनी! त्या दिरंगाईची फळे आज दिसत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोक हिपॅटायटिस सी घेऊन जगत आहेत. त्यांतल्या बहुसंख्यांना आपल्या अंगात काय आहे, याचा पत्ताच नाही.

आणि अजून तरी शहाणपण आले आहे का? ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी लागते, कारण आईकडून बाळाला होणारी लागण बाळंतपणातच होते. महाराष्ट्रात दहापैकी नऊहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. बाळ सरकारच्या डोळ्यांसमोर जन्मते, परिचारिका समोर असते, लस शीतकपाटात असते. तरीही रविवार आहे, कुपी उघडली तर दहा बाळांची वाया जाईल, डॉक्टर उद्या येतील, अशा सबबींवर हा पहिला डोस चुकतो. चुकलेला प्रत्येक डोस म्हणजे चाळीस वर्षांनंतरच्या कॅन्सरला आज दिलेले निमंत्रण. एका कुपीतले चार थेंब वाचवण्यासाठी माणसाचे यकृत गहाण टाकणाऱ्या या काटकसरीला आम्ही गुन्हा म्हणतो.

आता पैशाकडे वळू, कारण या रोगातली सगळ्यात निर्लज्ज कहाणी तिथे आहे, आणि सगळ्यात अभिमानाचीही तिथेच. पसरलेल्या यकृताच्या कॅन्सरवर पहिल्यांदा काही प्रमाणात चाललेली गोळी म्हणजे सोराफेनिब. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने रुग्णांचे सरासरी आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले. पावणेतीन महिने! हे थोडे वाटेल. ज्याच्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आहे, ज्याला जमिनीचा सातबारा पोराच्या नावावर करायचा आहे, त्याला विचारा ते किती असतात. या गोळीने तळहात-तळपायांची सालटे निघतात, खुरपे धरवत नाही, चप्पल घालवत नाही, तरी माणूस ती घेतो, कारण त्याला ते दिवस हवे असतात. रोज चार गोळ्या, महिन्याला १२० गोळ्या. बायर या जर्मन कंपनीने या १२० गोळ्यांची भारतात किंमत लावली २,८०,४२८ रुपये. दर महिन्याला! ज्या देशात अंगणवाडी सेविकेला महिन्याकाठी काही हजार रुपये हातात पडतात, तिथे जगण्याच्या पावणेतीन महिन्यांचा हा भाव.

तेव्हा एका सरकारी अधिकाऱ्याने कायद्याचे पुस्तक उघडले. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयात पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. पेटंट कायद्याचे कलम ८४ सांगते, की पेटंट मिळालेल्या वस्तूची लोकांची गरज भागत नसेल, ती परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल, किंवा ती या देशात वापरात आणली जात नसेल, तर दुसऱ्याला परवाना देता येतो. बायर या तिन्ही कसोट्यांवर नापास झाली. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत औषध पोहोचत होते, असे त्या आदेशात नोंदले गेले. नॅटकोने त्याच १२० गोळ्या ८,८८० रुपयांत द्यायच्या, दरवर्षी किमान ६०० गरीब रुग्णांना फुकट द्यायच्या आणि विक्रीच्या सहा टक्के मानधन बायरला द्यायचे, असे ठरले. पुढे अपील लवादाने मानधन सात टक्के केले. दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशे ऐंशी! एकाच औषधाच्या दोन किमतींत जवळजवळ बत्तीस पटींचा फरक. तो फरक संशोधनाच्या खर्चाचा होता, की मढ्याच्या टाळूवरच्या लोण्याचा?

बायर हायकोर्टात गेली. १५ जुलै २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा आणि न्या. एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठातर्फे परवाना कायम केला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका ऐकण्यास नकार दिला. दरम्यान कंपनीच्या तत्कालीन प्रमुखांनी एका परिषदेत मनातले बोलून टाकले होते, की हे औषध आपण भारतीयांसाठी नव्हे, ज्यांना परवडते अशा पाश्चात्त्य रुग्णांसाठी बनवले. टीकेची झोड उठल्यावर त्यांनी खुलासे केले. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि २,८०,४२८ हा आकडा यांचा अर्थ एकच होता. पेटंट हा समाजाने संशोधकाला दिलेला काही वर्षांचा हक्क आहे, माणसांच्या जीवावर खंडणी वसूल करण्याची सनद नव्हे, हे भारताने या परवान्यातून जगाला ऐकवले. ते मुंबईतून ऐकवले गेले, याचा आम्हाला अभिमान आहे.

आणि पुढे? पुढे काहीच नाही. कलम ८४ खाली दिला गेलेला तो पहिला परवाना, आणि आजतागायत तोच शेवटचा. त्यानंतर आलेले अर्ज फेटाळले गेले. या कायद्यात कलम ९२ आहे, ज्याखाली आणीबाणीत किंवा सार्वजनिक बिगर-व्यापारी वापरासाठी केंद्र सरकार स्वतः पाऊल उचलू शकते. कलम १०० आहे, ज्याखाली सरकार स्वतःच्या उपयोगासाठी पेटंट वापरू शकते. २००१च्या दोहा जाहीरनाम्याने जागतिक व्यापार संघटनेच्या सगळ्या सदस्यांनी मान्य केले आहे, की सार्वजनिक आरोग्यासाठी असे परवाने देण्याचा प्रत्येक देशाला अधिकार आहे. मग हात कुणी बांधले? अमेरिका दरवर्षी भारताला आपल्या ‘लक्ष ठेवण्याच्या’ यादीत घालते आणि दिल्लीतले बाबू घामाघूम होतात. २०१६मध्ये अमेरिकी उद्योगपतींच्या एका परिषदेने आपल्या सरकारला लेखी कळवले, की व्यापारी कारणांसाठी सक्तीचे परवाने देणार नाही असे भारताने खासगीत सांगितले आहे. आपल्या वाणिज्य मंत्रालयाने त्याचा इन्कार केला. इन्कार खरा मानायला आम्ही तयार आहोत. पण मग इतक्या वर्षांत दुसरा परवाना का नाही, याचे उत्तर द्या. संसदेने दिलेले हत्यार वापरायचेच नाही असे ठरले असेल, तर तसे संसदेत उभे राहून सांगा. रुग्णांना अंधारात ठेवून परदेशी दिवाणखान्यांत कुर्निसात करू नका.

कारण किमतीचा प्रश्न सोराफेनिबबरोबर संपलेला नाही. तो आता अधिक भीषण झाला आहे. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी २०२०पासून पसरलेल्या यकृताच्या कॅन्सरवरचा पहिल्या पसंतीचा उपचार झाली. सोराफेनिबवरचे रुग्ण सरासरी १३.४ महिने जगले, तिथे या जोडीवरचे १९.२ महिने. दर तीन आठवड्यांनी सलाइन, आणि किंमत लाखांच्या भाषेत. यातले बेव्हासिझुमॅब भारतीय कंपन्या स्वतः बनवतात आणि त्याची किंमत खाली आली आहे. म्हणजे असली जैविक औषधे इथे बनूच शकत नाहीत, हा बचाव खोटा आहे. असेच आणखी एक औषध, दुर्व्हालुमॅब. २०२४च्या अर्थसंकल्पात सरकारने त्यावरचे दहा टक्के सीमाशुल्क माफ केले आणि पाठ थोपटून घेतली. कंपनीने लावलेल्या किमतीला हात लावायचा नाही, आपला कर तेवढा सोडायचा, ही दयाबुद्धी रुग्णाच्या तोंडाला पाने पुसणारी आहे. लाखाच्या औषधावरचे दहा हजार वाचले म्हणून उरलेले लाख रुपये शेतमजुराने आणायचे कुठून?

किमती पाडता येत नाहीत, हेही ऐकून घेणार नाही. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधांची खरेदी केली, आणि त्या एका व्यवहारात सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. सरकारी हुकूम नाही, नवा कायदा नाही. फक्त रुग्णालयांनी एकजूट करून भाव केला. मग महाराष्ट्राची जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये, महापालिकांची रुग्णालये ही सगळी एका पंगतीला बसून खरेदी का करत नाहीत? प्रत्येकाची निविदा वेगळी, प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, आणि रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात मात्र ठरलेली चिठ्ठी: बाहेरून आणा. ही व्यवस्था कुणाला सोयीची आहे, हे शेंबड्या पोरालाही कळते.

प्रत्यारोपणाचे तर नावच काढू नका. खासगी रुग्णालयात त्याचा खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो. अवयवदानाचा कायदा १९९४चा. मुंबई, पुणे, नागपूर इथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत, तरी मेंदूमृत दात्यांची संख्या तोकडीच. म्हणून घरातल्याच कुणी तरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, आणि देणाऱ्यांत बायकांचेच प्रमाण मोठे. बायको यकृत देते, सासरा जमीन विकतो, भाऊ कर्ज काढतो. चेन्नईच्या स्टॅनले या सरकारी रुग्णालयात यकृत प्रत्यारोपण होते. दिल्ली सरकारने यकृतरोगांसाठी स्वतंत्र संस्था उभी केली आणि ती देशभर नावाजली गेली. महात्मा जोतीराव फुले यांचे नाव योजनेला देऊन पाच लाखांच्या विम्याचे फलक गावोगावी लावणाऱ्या महाराष्ट्राला प्रत्येक महसुली विभागात एक सरकारी यकृत विभाग का उभा करता आला नाही? कार्डाने रुग्णालय उभे राहत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता कक्ष आणि रक्तपेढी यांनी ते उभे राहते. ती पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि विम्याचा पैसा खासगी तिजोऱ्यांकडे वळवायचा, ही कुंपणाने शेत खाण्याची रीत आहे.

सरकारच्या या पोकळीत भोंदूंचे पीक माजले आहे. कावीळ उतरवणारे, माळ घालणारे, नाकात थेंब टाकणारे, ‘यकृताची गाठ विरघळवतो’ म्हणून मोबाइलवर ओरडणारे, सगळ्यांची चलती आहे. १९५४चा जादूटोणा-छाप औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा केंद्रीय कायदा कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला गुन्हा ठरवतो. तो कायदा सत्तर वर्षे जुना आहे आणि त्याखाली तुरुंगात गेलेला भोंदू दाखवा म्हटले तर पोलीस ठाणी एकमेकांकडे पाहतील. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हेही खोटे. करोनाकाळात गुळवेलीचा काढा घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये केली. ज्याच्या यकृतात आधीच गाठ आहे, त्याच्या हातून काढ्यापायी तीन महिने गेले, म्हणजे तीन सेंटिमीटरची गाठ हाताबाहेर गेली. त्या तीन महिन्यांची किंमत भोंदू मोजत नाही, सरकारही मोजत नाही.

आणि शेवटी दारू. राज्यघटनेचे कलम ४७ सांगते, की लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे आणि मादक पेयांवर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा. महाराष्ट्र सरकारने जून २०२५मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल येईल, असा अंदाज बांधला. कर वाढवला याचे आम्ही स्वागतच करू. महाग दारू कमी प्यायली जाते. पण या पैशातला एक रुपया तरी त्या दारूने सडलेल्या यकृतांच्या तपासणीसाठी राखून ठेवला आहे का? घराघरांतून यकृते पिळून गोळा केलेला पैसा तिजोरीत भरायचा, आणि तोच माणूस पोटात पाणी भरून आला की त्याला ‘दारू पितोस ना, मग भोग’ म्हणून दारातून परतवायचे! पिणारा दोषी असेल. पण त्याच्या पिण्यावर राज्य चालवणाऱ्याने त्याला नीतीचे धडे देऊ नयेत.

ज्यांच्यावर करण्यासारखे काही उपचार उरले नाहीत, त्यांच्या वेदनांचे तरी काय? कॅन्सरच्या कळा थांबवणारे मॉर्फिन स्वस्त आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातली जाचक बंधने २०१४च्या दुरुस्तीने सैल झाली. तरी आजही जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फिनची गोळी मिळवायला नातेवाइकांना शहर गाठावे लागते. जगवता येत नाही तिथे निदान तळमळू न देणे, एवढी माणुसकीसुद्धा या यंत्रणेला जड झाली आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीचा डोस दिल्याची नोंद सक्तीची करा, आणि ती नसेल तर जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई करा. सिरोसिस आणि हिपॅटायटिस बीच्या प्रत्येक ज्ञात रुग्णाची सहामाही सोनोग्राफी मोफत करा. त्यासाठी मद्यशुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने बांधून द्या. सगळ्या सरकारी रुग्णालयांची कॅन्सर औषधांची खरेदी एकत्र करा. प्रत्येक महसुली विभागात यकृत शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपणाचा सरकारी विभाग उभा करा आणि त्याची पदे भरा. कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्या जाहिरातबाजांवर १९५४च्या कायद्याखाली खटले भरा. आणि केंद्राने इम्युनोथेरपीच्या औषधांसाठी कलम ९२ आणि कलम १०० वापरावे. ते वापरायचे नसेल, तर का नाही याचे कारण लेखी द्यावे.

वाचकांनाही आम्ही बजावून सांगतो. २०१८पासून चालणाऱ्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी या दोन्ही हिपॅटायटिसची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सीच्या गोळ्या बहुतेकांच्या बाबतीत तीन महिन्यांत विषाणू संपवतात, बीच्या गोळ्या त्याला दाबून ठेवतात आणि कॅन्सरची भीती कमी करतात. हा आपला हक्क आहे. तो मागून घ्या. घरात कुणाला कधी बीची कावीळ झाली असेल, कुणाला जुन्या काळी रक्त चढवले असेल, कुणी वर्षानुवर्षे दारू पीत असेल, कुणाला मधुमेह असून सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली असेल, तर जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्या. तिथे ‘किट संपले’, ‘यंत्र बंद आहे’, ‘डॉक्टर रजेवर आहेत’ असे उत्तर मिळाले, तर ते कागदावर लिहून घ्या, तारीख घाला आणि आपल्या आमदाराच्या दारात जा. मत मागायला तो तुमच्या दारात आला होता. आता तुम्ही त्याच्या दारात जा, आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.